नवसाबाईची तीन पिंपं

मखमलाबादकडच्या मळ्यांत नवसाबाईला दोन गोष्टींवरून ओळखत. पहिली तिची मेथीची जुडी. पंचवटीच्या भाजीबाजारात पन्नास ढिगांतून तिचा ढीग लांबून ओळखू यायचा, कारण देठ सगळे एका पातळीत आणि मातीचा कण नाही. दुसरी तिची कुरडई. तळली की कढईभर फुलायची आणि वर्षभर डब्यात राहिली तरी तिचा चुरा व्हायचा नाही. चैत्र लागला की गंगापूर रोडच्या बंगल्यांतून तिला निरोप यायचे. ज्या घरी जाईल तिथे ती पहिल्या दिवशी एवढंच बजावायची, की गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं आणि मधे कुणी आपली अक्कल चालवायची नाही.

ती मूळची सायखेड्याची. चार भावांच्या पाठीवर झालेली. मुलगी व्हावी म्हणून नवस बोलणारा बाप अख्ख्या निफाड तालुक्यात एकच होता, असं ती ऐटीत सांगायची. पन्नाशी उलटल्यावर तिच्या गुडघ्यांनी बाजारात दिवसभर बसायला नकार दिला. जुड्यांचं काम सुनेकडे गेलं आणि नवसाबाईच्या हातांना करायला काही उरलं नाही. रिकाम्या हातांचं तिला वावडं. ती घरातले निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली, तेव्हा खंडेराव, म्हणजे तिचे यजमान, फुलांच्या पाट्या घेऊन नेहमीपेक्षा तासभर लवकर घराबाहेर पडू लागले.

अशात सत्त्याण्णवच्या डिसेंबरात शुभांगी तिच्या ओट्यावर येऊन बसली. शुभांगी पलीकडच्या मळ्यातली, मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. सकाळी कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची आणि दुपारनंतर चुलत्यांच्या जुन्या द्राक्ष पॅकिंग शेडमध्ये काहीतरी उकळत बसायची. काय उकळते, याबद्दल मळ्यांत बरेच तर्क होते. शुभांगीने ते स्वतःच सांगून टाकलं. टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये केळीची रोपं मातीत नाही, तर बाटलीतल्या जेलीत वाढवतात. ती जेली ज्या पांढऱ्या पुडीने घट्ट होते, तिचं नाव अगर. दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो, तोच. तो समुद्रातल्या लाल शेवाळातून निघतो. शेवाळ आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर उगवतं आणि तरी चांगला अगर मात्र बाहेरून मागवावा लागतो. तो आपण नाशकात काढायचा. आणि त्यासाठी तिला पोत्यातलं शेवाळ निवडून देणारा एक स्वच्छ हात हवा होता.

नवसाबाईने पोत्यात हात घालून मूठभर शेवाळ बाहेर काढलं. वाळलेलं, जांभळट, केसांच्या गुंत्यासारखं. त्यात वाळू, शिंपले आणि एक सुकलेला इवलासा खेकडा. मेथीत निदान खेकडे तरी नसतात, असं म्हणून ती दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये हजर झाली.

घरात मात्र वादळ झालं. खंडेराव माळकरी. बायकोच्या पदराला बोंबलासारखा वास येतोय, हे कळल्यावर त्यांनी तुळशीपाशी उभं राहून हे काय आहे म्हणून विचारलं. नवसाबाईने समुद्राचा पाला आहे, मेथीच्या जातीतला, असं उत्तर दिलं. खंडेरावांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला, की पाला चालेल, पण कामाचं लुगडं गोठ्यात बदलायचं. तेव्हापासून शेवाळाला सगळ्यांनीच पाला म्हणायला सुरुवात केली, शुभांगीनेसुद्धा.

कामाची रीत अशी होती. पाला निवडायचा, तीन पाण्यांनी धुवायचा आणि रात्रभर भिजत घालायचा. मग शुभांगी हातमोजे चढवून तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायची. पाल्यात गंधकाचा काही अंश असतो, त्याने जेली लेचीपेची होते, कॉस्टिक तो काढून टाकतं. पुन्हा धुऊन झाकणबंद पातेल्यात वाफेवर उकळायचा, गरम असतानाच मांजरपाटातून गाळायचा आणि परातींत ओतायचा. गार झालं की चहाच्या रंगाची जेली. तिच्यातलं पाणी काढलं की उरतो तो अगर.

हे पाणी काढणंच शुभांगीला जमत नव्हतं. जेली उन्हात ठेवली तर चामड्यासारखी होई, आणि घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात गोठवायची म्हटलं तर तिथे जेमतेम एक ताटली मावे. जेली गोठून परत वितळली की पाणी आपोआप निथळून जातं आणि रंगही घेऊन जातं, एवढं तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पुस्तकात मोठा फ्रिज नव्हता.

नवसाबाईने आठवडाभर ही ओढाताण पाहिली आणि आठव्या दिवशी पिशवीतून कुरडईचा पितळी सोऱ्या बाहेर काढला. जाड वडीपेक्षा शेव लवकर वाळते, यात शिकण्यासारखं काय आहे, असा तिचा सवाल. पहिल्या खेपेला तिने कुरडईच्या सवयीने जेली गरम असतानाच सोऱ्यात ओतली आणि ती सगळी भसकन तिच्या पायांवर आली. कुरडई गरम पाडायची असते, हे प्रकरण गार झाल्यावर पाडायचं, हे तिने मनाशी टिपून ठेवलं. दुसऱ्या खेपेला परातीवर लांबच लांब थरथरणाऱ्या शेवया पडल्या.

गोठवण्याचा प्रश्न खंडेरावांनी सोडवला. आडगाव नाक्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यातला भिमाजी त्यांचा जुना सवंगडी. गुलछडी मुंबईला पाठवायची तर बर्फ त्याच्याकडचाच. कारखान्यात मिठाच्या थंडगार पाण्यात पत्र्याचे उंच डबे रात्रभर लोंबकळत ठेवतात आणि सकाळी त्यांतून बर्फाच्या लाद्या निघतात. त्यातले चार डबे शेवयांना मिळाले. भिमाजीने डब्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, बर्फातल्या देवाचं लग्न हे का? शेवयांची खीर कुणासाठी?" पण सकाळी डबे उपडे केले, तेव्हा तो चेष्टा विसरून तिथेच उभा राहिला. जाळीवर बर्फ वितळत गेला, तांबूस पाणी खाली निघून गेलं आणि वर राहिल्या पांढऱ्या, हलक्या, कापसाच्या वातीसारख्या शेवया. शुभांगीने नंतर समजावलं, की फ्रिजच्या कप्प्यापेक्षा इथे बर्फ सावकाश धरतो, त्यामुळे त्याचे खडे मोठे होतात आणि जेली सोडून पाणी नीट वेगळं होतं. भिमाजीने ही स्तुती स्वतःची समजून घेतली.

माल कसा आहे, हे ठरवायची एक परीक्षा होती. दीड टक्क्याची जेली पेल्यात लावायची, तिच्यावर काचेची सपाट दांडी उभी धरायची आणि दांडीवरच्या ताटलीत एकेक वजन ठेवत जायचं. ज्या वजनाला दांडी आत घुसली, तो त्या जेलीचा आकडा. वजनं नवसाबाईच्याच भाजीच्या काट्याची, कारण शेडमध्ये दुसरी नव्हती. टिश्यू कल्चरच्या लॅबचे दीपक सर यांनी साफ सांगितलं होतं. सातशे ग्रॅमच्या खालची जेली नको, रोपं तिच्यात कलंडतात. जानेवारीत एक नमुना द्या, मार्चमध्ये दुसरा आणि एक जूनला शेवटचा. शेवटचा उतरला तर वर्षाचा सगळा अगर तुमच्याकडून, नाहीतर आम्ही नेहमीप्रमाणे बाहेरून मागवू आणि तुम्हीही हा नाद सोडा.

जानेवारीचा नमुना सातशे वीसला तुटला. शुभांगीने चुलत्यांच्या सगळ्या मळ्याला पेढे वाटले. नवसाबाईने पेढा घेतला आणि मनात म्हटलं, हे माझ्या भिजवण्याचं फळ.

आणि इथेच गोम होती. शुभांगीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पाला एक रात्र भिजवायचा. नवसाबाईने मान हलवली होती आणि शुभांगीची पाठ फिरताच तीन निळी पिंपं ओळीने मांडली होती. आज भिजवलेला पाला पहिल्यात, कालचा दुसऱ्यात, परवाचा तिसऱ्यात. रोज पाणी बदलायचं. चिमटीत दाबला की देठ मऊसूत चुरगळला पाहिजे, तेव्हाच तो पुढे द्यायचा. गव्हाचा चीक तीन दिवसांशिवाय सुटत नाही, मग समुद्राचा राठ पाला एका रात्रीत काय सोडणार? ही साधी गोष्ट एम.एस्सी.ला कळत नाही, याचं तिला वाईटही वाटलं होतं. तिने वाद घातला नाही. कॉलेजातून दमून येणाऱ्या पोरीला कशाला शिकवायचं, आपण आपलं नीट करावं. शुभांगी दुपारी यायची, तिला तिसऱ्या पिंपातला पाला तयार मिळायचा आणि ती वहीत लिहायची, "भिजवण: एक रात्र." तिन्ही पिंपं रोज तिच्या डोळ्यांसमोर होती. तिला वाटायचं, मावशी पुढची तयारी करून ठेवते.

थंडीत याने काही बिघडलं नाही. नाशिकची जानेवारीची थंडी अशी, की पिंपातल्या पाण्यात हात घातला तर बोटं वाकत नाहीत. पण रंगपंचमी झाली, ऊन चढलं आणि आकडे उतरायला लागले. साडेसहाशे. सहाशे. मार्चचा नमुना पाचशे वीसला तुटला. दीपक सर काही वाईट बोलले नाहीत, फक्त एक जूनची तारीख त्यांनी पुन्हा एकदा म्हणून दाखवली.

शुभांगीने एप्रिलभर सगळं बदलून पाहिलं. कॉस्टिक वाढवलं, मग घटवलं. उकळायची वेळ बदलली. मांजरपाट दुहेरी केला. रामनवमीनंतर पंचवटीत रथ निघाला, त्या दिवशीही ती शेडमध्ये थर्मामीटर धरून बसली होती. आकडा चारशेवर आला. तिने एसटीडी बूथवर जाऊन दक्षिणेतल्या रामनाथपुरमहून पाल्याची पोती पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला हिंदीत झापलं. त्याला हिंदी जेमतेम यायची, त्यामुळे तो दर वाक्याला बहुत अच्छा म्हणत राहिला आणि ती आणखी चिडली.

नवसाबाईला काळजी वाटत होती, पण काळजी वेगळी. पिंपांना आंबूस वास यायला लागला होता, तो तिला ओळखीचा आणि शुभ वाटायचा. कुरडईचे गहू असेच आंबतात. तिला वाटलं, भिजवण झकास चाललंय, पोरीचंच काहीतरी पुढे बिनसतंय. म्हणून तिने स्वतःच्या बाजूने जास्तच मन लावलं आणि पाला कधीकधी चौथ्या दिवसापर्यंत ठेवला.

मेच्या सुरुवातीला सायखेड्याला भाचीचं लग्न निघालं. नवसाबाई आठवडाभरासाठी गेली. जाताना तिन्ही पिंपं धुऊन उपडी घातली, कारण आपल्या मागे भिजवणं दुसऱ्याच्या हाती द्यायला तिचं मन तयार नव्हतं. परत आली तेव्हा शुभांगी दारातच हसत उभी होती. आकडा सहाशे नव्वद! तिने त्याच वेळी कॉस्टिकचं प्रमाणही थोडं बदललं होतं, त्यामुळे गुपित सापडलं असं तिला वाटत होतं. पाला तिनेच आदल्या संध्याकाळी एका पिंपात टाकला होता आणि सकाळी कॉलेजला जाण्याआधी उचलला होता. हे तिने सांगितलंसुद्धा, पण अगदी जाता जाता, जसं आपण कुठली बस मिळाली ते सांगतो.

नवसाबाईने ते ऐकलं आणि कामाला लागली. पुन्हा तीन पिंपं, पुन्हा तीन दिवस. नवं प्रमाण, तोच पाला. त्या खेपेची जेली दोनशे चाळीसला तुटली.

शुभांगीने वजनं ताटलीतून काढली आणि काट्याशेजारी ओळीने ठेवली. मग म्हणाली, की आपल्याच्याने हे होत नाही. सहाशे नव्वद चुकून आला असणार. पाल्याची पोती परत पाठवायची, त्या माणसाला खरमरीत पत्र लिहायचं आणि सोमवारी दीपक सरांना सांगून टाकायचं, की शेवटचा नमुना देत नाही. उगाच त्यांना ताटकळत कशाला ठेवा.

घरी जाताना नवसाबाईच्या डोक्यात तो सहाशे नव्वदचा आकडा माशीसारखा फिरत होता. आपण नव्हतो तेव्हा जमलं. आपण आलो आणि मोडलं. मधे बदललं काय? कॉस्टिक तेच, पाला तोच, पातेलं तेच. बदललो फक्त आपण. हा विचार तिला इतका अपमानाचा वाटला, की जेवताना तिने खंडेरावांना भाजीत मीठ कमी आहे का, असं दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं आणि ताट उचललं.

पण नवसाबाई शंका मनात ठेवून जगणारी बाई नव्हती. पत्र्याच्या डब्यात थोडा पाला तिने घरी आणूनच ठेवला होता. त्यातला अर्धा तिने त्याच दिवशी भिजवला. उरलेला अर्धा दोन दिवस कोरडाच ठेवून तिसऱ्या संध्याकाळी भिजवला. चौथ्या सकाळी दोन्ही पाले दोन डब्यांत, सारखं पाणी घालून, एकाच कुकरमध्ये शिजवले. शिट्ट्या मोजल्या. गाळून दोन ताटल्यांत ओतले. कॉस्टिक तिच्याजवळ नव्हतं, त्यामुळे जेली मुळातच मऊ होणार, हे तिला माहीत होतं. पण मऊ म्हणजे दोन्ही सारख्याच मऊ व्हायला हव्यात ना?

दोन तासांनी तिने बोट लावलं. एका रात्रीची ताटली बोटाखाली दबली आणि परत वर आली. तीन रात्रींची बोटाला चिकटून आली, खीर निवल्यासारखी.

नवसाबाई ओट्यावर बसली. ज्या गोष्टीसाठी लोक तिला घरी बोलवायचे, जी ती आईकडून शिकली होती, त्याच गोष्टीने दोन महिने पोरीचं काम नासवलं होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि न सांगितलं तर कधी कळणारही नव्हतं. उद्यापासून गुपचूप एक रात्र भिजवलं असतं तर आकडा आपोआप वर आला असता. शुभांगीने श्रेय कॉस्टिकला दिलं असतं आणि नवसाबाईचा हात जगात निर्मळ राहिला असता. हा रस्ता तिला स्पष्ट दिसला. एक सुपारी कातरायला लागतो तेवढा वेळ तिने त्या रस्त्याकडे पाहिलं. पण वहीत तर दोन महिने खोटंच लिहिलेलं राहणार होतं. आणि रामनाथपुरमच्या त्या माणसाला पत्रही जाणार होतं.

तिने दोन्ही ताटल्या पाटीत ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि शेडची वाट धरली.

शुभांगी पाकिटावर पत्ता लिहीत होती.

"ताई, ते पत्र नका टाकू. माल चांगला हे त्याचा."

"मग दोनशे चाळीस कशानं आला?"

नवसाबाईने ताटल्या तिच्यापुढे मांडल्या. "ही एका रात्रीची. ही तीन रात्रींची. एकाच पोत्यातला पाला, एकाच कुकरमधला. बोट लावून बघा."

शुभांगीने एकीला बोट लावलं, मग दुसरीला, मग पुन्हा पहिलीला. "पण तीन रात्री भिजवतंय कोण?"

"मी. पहिल्या दिवसापासून. तुम्ही एक रात्र म्हणालात, मला वाटलं, पोरीला भिजवण्यातलं काय कळतंय."

शुभांगी खुर्चीत मागे टेकली. कॉस्टिक, उकळण, मांजरपाट, एसटीडीची बिलं, सगळं तिच्या चेहऱ्यावरून ओळीने गेलेलं नवसाबाईला दिसलं.

"दोन महिने, मावशी. एकदा सांगायचं तरी."

"काय सांगू? मला ती चूक वाटतच नव्हती."

 शुभांगी उठून नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. नवसाबाईने तेवढ्यात खुंटीवरचा सोऱ्या काढला, पुसला आणि पिशवीत घातला. शुभांगी परत आली तेव्हा ती दारापाशी पोचली होती.

"कुठं निघालात?"

"घरी. तुम्ही काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं."

"सोऱ्या ठेवा खाली," शुभांगी म्हणाली आणि तिने वही उघडली. "मला तारखा सांगा. कुठली खेप किती रात्री भिजली होती, एकेक करून."

नवसाबाईला तारखा ठाऊक नव्हत्या, पण दिवस सगळे पाठ होते. रंगपंचमीला काढलेला पाला तीन रात्रींचा. पाडव्याचा तीन. रामनवमीच्या आदल्या दिवशीचा चार, कारण त्या दिवशी सुनेला सांजोऱ्या करून द्यायच्या होत्या. रथाच्या दिवशीचा तीन. अक्षयतृतीयेचा चार. शुभांगी कॅलेंडर समोर धरून प्रत्येक सण तारखेवर आणत गेली. वहीत जिथे जिथे "एक रात्र" लिहिलं होतं, तिथे तिने एक रेघ मारली आणि वर खरा आकडा लिहिला. एकवीस खेपा. शेजारी तिने प्रत्येक दिवसाचं तापमान आधीच टिपलेलं होतं. दुपार सरता सरता तिचा आवाज बदलला. तीच रात्रींची संख्या, पण थंडीत आकडा टिकलेला आणि उन्हात पडलेला, असा सगळा उतार पानावर दिसू लागला होता. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटलं असतं तर सहा महिने गेले असते, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

मग तिने नवसाबाईला शेजारी बसवून सांगितलं, की पाल्याबरोबर समुद्रातले बारीक जंतूही येतात. थंडीत ते झोपून असतात. पाणी कोमट झालं की जागे होतात आणि त्यांतल्या काहींचं खाणं म्हणजे अगरच.

"म्हणजे गव्हाला जे आंबणं लागतं, तेच ह्याला खातं," नवसाबाई म्हणाली.

"तेच."

"आणि मी दोन महिने त्यांना रोज ताजं पाणी घालून पोसलं."

त्यावर दोघी अशा हसायला लागल्या, की बाहेर बैल धुणाऱ्या गड्याने आत डोकावून पाहिलं.

एक जूनला बारा दिवस उरले होते. उन्हाळ्यात एक रात्रसुद्धा जास्तच होती, हे पहिल्या दोन खेपांत कळलं. मग नवसाबाईने भिजवणं पहाटेवर आणलं आणि भिमाजीकडून बर्फाचा एक तुकडा आणून पिंपात सोडला. किती वेळ भिजवायचं, यासाठी शुभांगी तास मोजत होती. नवसाबाईला घड्याळावर भरवसा नव्हता. तिने पाल्याची काडी बोटाला गुंडाळून पाहिली. कोरडी काडी मोडते, जास्त भिजलेली चुरगळते. न मोडता बोटाभोवती वळली आणि सोडल्यावर परत सरळ झाली, की पाला उचलायचा. शुभांगीने घड्याळ लावून आठ वेळा ही परीक्षा तपासली, आठही वेळा बोट बरोबर निघालं. तिने वहीत लिहिलं, "भिजवण: नवसामावशींच्या बोटाप्रमाणे." नवसाबाईने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि यात खोटं काही नाही ना, याची खात्री करून घेतली.

एक जूनला दोघी लॅबमध्ये गेल्या. दीपक सरांनी स्वतः जेली लावली, स्वतः दांडी उभी केली आणि आपल्या पेटीतली चकचकीत वजनं चिमट्याने ठेवायला सुरुवात केली. पाचशे. सहाशे. साडेसहाशेनंतर ते दहा-दहाने जाऊ लागले. नवसाबाई आयुष्यभर काट्यापुढे बसलेली, पण वजनाकडे पाहवत नाही असं तिला पहिल्यांदाच झालं. ती दांडीच्या टोकाकडेच पाहत राहिली. सातशे गेले. सातशे वीस गेले. सातशे पन्नासला दांडी आत घुसली.

दीपक सरांनी आकडा लिहिला, खाली रेघ ओढली आणि विचारलं, की मार्चपासून नेमकं बदललं काय. शुभांगी भिजवणीबद्दल काहीतरी मोघम सांगायला लागली, तोच नवसाबाईने तिच्या हाताला स्पर्श केला.

"त्या सांगणार नाहीत," ती म्हणाली. "मी सांगते. मी त्याची कुरडई करून राह्यले होते."

आणि तिने पिंपांपासून कुकरपर्यंत सगळं सांगितलं, काही न वगळता. दीपक सर एकदाच मधे बोलले, दोन्ही डबे एकाच कुकरमध्ये का ठेवले, असं विचारायला. दोन कुकर असते तर शिट्टीला दोष गेला असता, असं तिने उत्तर दिलं. त्यांनी चष्मा काढला आणि शुभांगीला म्हणाले, की हे माझ्या लॅबमधल्या दोन मुलांना शिकवायचं आहे, मावशींना कधीतरी पाठवा.

पुढे शेडच्या दोन शेड झाल्या. दोन हजार तीनच्या कुंभमेळ्याच्या वर्षी गोठवायची खोलीही आली. भिमाजीने मात्र आपले चार डबे परत घ्यायला नकार दिला, त्यांना आता खिरीचा वास लागलाय म्हणे. कॉलेजच्या सहली यायच्या. मुलं सोऱ्याचे फोटो काढायची. पण नवसाबाई त्यांना आधी नेऊन त्या तीन निळ्या पिंपांसमोर उभी करायची. दोनांत आता सांडपाणी धरलं जायचं, कामाचं पिंप एकच उरलं होतं. आपण काय केलं, ते ती पिंपांवर हात ठेवून सांगायची आणि मग प्रत्येकाला एक काडी बोटाला गुंडाळायला द्यायची. सुरगाण्याकडची एक मुलगी होती, तिला पहिल्याच खेपेला जमलं. नवसाबाईने तिचं नाव विचारून ठेवलं.

एका चैत्रात शुभांगी म्हणाली, मला कुरडई शिकायची आहे. नवसाबाईने आपल्या ओट्यावर गहू भिजत घातले. दुसऱ्या दिवशी शुभांगी आली, घमेल्यावर वाकली, वास घेतला आणि हळूच म्हणाली, की मावशी, एवढं ऊन आहे, आजच उपसले तर? जंतूंच्या हिशेबाने पाहिलं तर—

"हात काढा," नवसाबाई म्हणाली. "इथं वही नाय चालत. तीन दिवस."